सूर्यभान मिस्त्रीची बोटं

अकोल्याहून पातूरकडे निघालं की शहर संपता संपता डाव्या हाताला कापसातली सरकी काढणारी एक जिनिंग लागते. तिच्या भिंतीला लागून टिनाचं एक शेड आहे. त्यावर पाटी नाही, तरी गाडीचं इंजिन उतरवायचं म्हटलं की लोक तिथेच येतात. ते शेड सूर्यभान मिस्त्रींचं. शेडला लागूनच त्यांचं घर आणि मागच्या बाजूला माझी वाडी आहे. मेथी, पालक, वांगी, कडेने थोडी शेवंती. दुपारी पाणी लावून झालं की मी मिस्त्रींकडे जाऊन बसतो. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. बसून बसून जे कानावर पडलं, डोळ्यांनी पाहिलं, तेच लिहितो आहे. त्यात काही चुकलं तर ते माझं समजावं.

इंजिन म्हणजे धातूचे ठोकळे एकावर एक बसवलेले. खाली ब्लॉक, वर हेड, दोघांच्या मधे पातळ पत्र्यासारखी गॅस्केट. आतून एका वाटेने पाणी फिरतं, दुसरीने तेल, आणि मधोमध जाळ. हे तिन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून हेडचं आणि ब्लॉकचं तोंड एकमेकांवर साफ बसलं पाहिजे. त्या तोंडाला मिस्त्री फेस म्हणतात. फेस साफ करायला ते लागेल तेवढा वेळ लावत. जुनी गॅस्केट चिकटून राहिलेली असते, ती औषध लावून भिजवायची, मग प्लॅस्टिकच्या पातीने किंवा बांबूच्या कामटीने हळूहळू सोडवायची. तेला-पाण्याच्या भोकांत आधी कापडाचे बोळे घालून ठेवायचे. कापडही त्यांच्या बायकोच्या, मैनाबाईंच्या, जुन्या नायलॉनच्या लुगड्यांचं, कारण सुती कापडाचे धागे सुटतात.

बाकीचे मेकॅनिक ग्राइंडरला ब्रश नाहीतर खरखरीत चकती लावून हेच काम चहा पिऊन होईस्तोवर उरकतात. एकाने मिस्त्रींना तसं सुचवलं तेव्हा मी तिथेच होतो.

"अन् तो घासलेला भुगा काय हवेत उडून जाते?" मिस्त्री म्हणाले. "तेलाच्या भोकात जाते तो. मंग तेल तो भुगा बेरिंगले पाजते. इंजिन जाम झालं का गिऱ्हाईक तुह्याकडे नाई येत, माह्याकडे येते."

जिनिंग सुरू झाली की आणखी एक त्रास असायचा. हवेत रुई उडते. ती कुठेही चिकटते, भुवयांनासुद्धा. त्या दिवसांत मिस्त्री जिनिंगच्या बाजूला ओली लुगडी टांगत, जमिनीवर पाणी शिंपडत आणि मगच इंजिन उघडत. सगळं साफ झालं की लोखंडी पट्टी आडवी-उभी ठेवून फेस सपाट आहे का पाहत. आणि गॅस्केट ठेवण्याच्या अगदी आधी डोळे मिटून फेसवरून बोट फिरवत. पट्टी उचलल्यानंतर वरून जे काही पडतं ते फक्त बोटालाच कळतं, असं ते म्हणत. राखाडी धातूवरचा राखाडी कण डोळ्याला दिसत नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि त्यांच्या जावयाची गाडी ट्रकवर लादून आली. जावई शेखर मेळघाटात, हरिसालच्या पुढे एका आश्रमशाळेत मास्तर आहेत. परतवाड्याहून गावी जाताना घटांगच्या घाटात गाडी तापली, पांढरा धूर निघाला आणि बंद पडली. हेडची गॅस्केट गेली होती.

"मामाजी, फोनले रेंज नाई, रस्त्यानं मानूस नाई," शेखर सांगत होते. "आलं तं एक अस्वल आलं. बसलं रस्त्याच्या मधात. मी काचा वर करून आत. मनाशी म्हटलं, बापा, तुले गाडीत बसाचं असन तं बस, पन आधी धक्का मार."

आम्ही सगळे हसलो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांची लेक रागिणी तिकडे होती आणि तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी होणार. मैनाबाईंच्या माहेरी रीत अशी, की आठवा लागला की पोरीने घाट-नदी ओलांडायची नाही. त्या रीतीपुढे त्या कोणाचं ऐकत नाहीत. रागिणीला भाऊ नाही, म्हणून मुराळी म्हणून मिस्त्रींनीच जायचं आणि याच गाडीने तिला घेऊन यायचं, असं ठरलं.

"मामाजीच्या हातचं इंजिन म्हणजे नवीन गाडी," शेखर म्हणाले.

मिस्त्रींनी काम सुरू केलं. त्याच आठवड्यात मूर्तिजापूरच्या धर्मपालची पिकअपही शेडमध्ये होती. तो भाजीची वाहतूक करतो, माझीही वांगी नेतो. दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी उघडलेली.

एका दुपारी मैनाबाईंनी स्टीलच्या पेल्यांत चहा आणला. "कढत आहे, फडक्यानं धरा," असं त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. मिस्त्रींनी मात्र आपला पेला बुडाशी मुठीत धरला आणि बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन बोटांवर फोड होते. कशाने आले, असं त्यांनी मलाच विचारलं.

त्यानंतर मी त्यांच्या हातांकडे पाहायला लागलो. फेसवर बोट फिरवताना ते आता डोळे मिटत नव्हते. उलट ताणून पाहत होते. एकदा तर त्यांनी आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं, खाली वाकून हेडला गाल लावला आणि हळूहळू सरकवला.

"मिस्तरी," मी म्हटलं, "गालानं काय पाहून राहिले?"

ते दचकले. त्यांना मी ओल्या लुगड्याच्या पलीकडे बसलेला दिसलो नव्हतो. त्यांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं.

"वामनभाऊ, बोटाले कळत नाई आता."

"कधीपासून?"

"पायाचं तं उन्हाळ्यातच गेलं. चप्पल कुठी सुटली तेबी कळत नाई, तसाच चालत राहतो. हाताचं आता आता सुरू झालं. डॉक्टर म्हणते, साखरेनं नसा मरतात."

"वहिनीले माईत आहे?"

"नाई. अन् तुमीबी सांगू नका. मिस्तरीचे बोटं गेले म्हटल्यावर इंजिन कोन देईन मले? दुसरं येते काय मले?"

"मंग हे जावयाचं तरी दुसऱ्याच्या हातानं पाहून घ्या."

"कोनाच्या? तुमच्या?" ते हसले. "तुमी मेथीच्या जुड्या बांधा."

मीही हसलो. पण घरी जाऊन भाकरी गोड लागली नाही. पुढचे दिवस मी शेडमध्ये बसत होतो आणि प्रत्येक वेळी त्यांचं बोट धातूवरून फिरताना माझी नजर त्यावरच असायची. ते बोट फिरत होतं एवढंच. त्याला काही सांगितलं जात होतं का, ते कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं.

गॅस्केट ठेवायच्या दिवशी जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. मिस्त्रींनी लुगडी दोनदा भिजवली. पट्टी लावली, पट्टीखालून उजेड येतो का पाहिलं, शेवटचं फडकं मारलं, बोट फिरवलं. मग गाल लावला. मैनाबाई दारात येताना दिसल्या तसे ते सरळ झाले, "झालं," म्हणाले आणि गॅस्केट ठेवली. हेड बसलं, बोल्ट क्रमाने आवळले गेले. दुसऱ्या दिवशी शेखरनी गाडी पातूरच्या घाटात चालवून आणली. कुठे आवाज नाही, धूर नाही. मग सासऱ्यांच्या पाया पडण्याचं सोंग केलं. मिस्त्रींचा चेहरा त्या संध्याकाळी जरा सैल झाला होता.

निघायच्या सकाळी मिस्त्रींनी मलाही बरोबर यायला सांगितलं. म्हणाले, तेवढीच सोबत. मैनाबाई मागच्या सीटवर डबे, ओटीचं सामान, एक उशी असं भरत होत्या. शेखर इंजिन सुरू करून बसले होते. तेवढ्यात धर्मपालची पिकअप येऊन उभी राहिली.

"मिस्तरी, तुमी इंजिन बांधून देल्लं का तेलाची घानी?" धर्मपाल उतरता उतरता म्हणाला. "खाली डबा ठेवून झोपा लागून राहिलं मले. भाजी फोडणीले तेल विकत आनत नाई आता."

मिस्त्री पाना घेऊन पिकअपखाली गेले. ज्या झाकणाच्या कडेने तेल येत होतं ते त्यांनी तिथेच खोललं. त्या झाकणाला गॅस्केट नसते, सिलिकॉनची बारीक रेघ ओढून ते बसवतात. ती रेघ त्यांनी सोलून काढली आणि उजेडात धरली. मग माझ्या हातात दिली. सिलिकॉनच्या आत रुईची एक तार आडवी बसली होती, कापसाच्या बोंडातून सुटते तेवढी. तिच्या कडेकडेने तेलाला वाट मिळाली होती.

"हे बोटाले लागाले पाहिजे होतं," मिस्त्री इतक्या हळू म्हणाले की धर्मपालला ऐकू गेलं नसावं.

शेखरनी हॉर्न वाजवला. मिस्त्रींनी धर्मपालला सांगितलं, गाडी ठेव, आल्यावर करून देतो. मग ते गाडीकडे बघत उभे राहिले. त्याच हातांनी, त्याच आठवड्यात, त्याच रुईत त्यांनी ते हेड बसवलं होतं. ते काय विचार करताहेत ते मला कळत होतं, आणि त्यांनी मैनाबाईंकडे पाहिलं तेव्हा वाटलं की आता बोलतील.

"काहून उभे राहिले?" मैनाबाई म्हणाल्या. "पोरगी वाट पाहून राहिली असन. बसा."

ते गाडीकडे आले. माझं मागचं दार लावताना माझ्या कानाशी म्हणाले, "जाताना आपुनच आहो. चढावर समजन काय ते. पोरगी येतानाच बसनार आहे."

दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा. शेखर शाळेतल्या गमती सांगत होते. मिस्त्री पुढच्या सीटवर बसून तापमानाच्या सुईकडे पाहत होते. मधे मधे ते गाडी थांबवायला लावत, बॉनेट उघडत, पाण्याची टाकी पाहत.

"मामाजी, तुमाले पोरीपेक्षा गाडीचीच फिकर," शेखर म्हणाले.

परतवाड्याच्या पुढे चढ सुरू झाला. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली. मिस्त्रींनी गाणी बंद करायला सांगितली. त्यानंतर गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता. प्रत्येक वळणावर ते मान वळवून मला विचारायचे, "सुई हालली का?" सुई त्यांच्या समोर होती, मी मागे होतो. मी "नाई" म्हणायचो. घटांग गेलं, सेमाडोहचा उतार आला, नदीवरचा पूल गेला. मिस्त्रींनी रुमालाने मान पुसली. शेखरनी त्यांच्याकडे पाहिलं.

रागिणी ओट्यावर उभी होती. वडिलांना पाहून तिला फार आनंद झाला. रात्री तिने आग्रह करून वाढलं. मिस्त्री जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल.

सकाळी इंजिन गार होतं. शेखर सामान बांधत होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि हेड ब्लॉकला मिळतं त्या सांध्यावरून मागच्या अंगाला बोट नेलं. तिथे पाइपांच्या आड अंधार असतो, डोळ्याला दिसत नाही. बोट बाहेर काढून त्यांनी पाहिलं, पँटीला पुसलं, पुन्हा आत घातलं.

"वामनभाऊ, इकडे या. इथं हात लावा. कसं लागते?"

मी हात आत घातला. मला कुठे लावायचं तेही कळत नव्हतं, त्यांनी माझं मनगट धरून दाखवलं. धातू गार होता. मागच्या कोपऱ्याशी ओल लागली.

"ओलं आहे," मी म्हटलं.

"पान्यासारखं का बुळबुळीत?"

"बुळबुळीत."

मी बोट बाहेर काढलं. टोकाला हिरवट रंग होता, वास गोडसर. मिस्त्रींनी माझं बोट धरून नाकाशी नेलं. इंजिन गार ठेवायला घालतात ते कूलंटचं पाणी होतं ते. सांध्यातून बाहेर आलं होतं.

"आपुन तिघंच होतो, सामानबी थोडंच, तरी एवढं," ते म्हणाले. "आता परत जाताना सेमाडोहवरून चढ."

कदाचित काहीच होणार नव्हतं. गाडी अकोल्याला पोचली असती आणि मग सावकाश उघडून पाहता आलं असतं. कदाचित अर्ध्या चढावर, जिथे फोन लागत नाही आणि तासन् तास गाडी येत नाही, तिथे ती तापून उभी राहिली असती. सातव्या महिन्यातली पोर आत बसलेली.

रागिणी बाहेर आली. एक हात कमरेवर होता.

"बाबा, चाला ना. ऊन चढाच्या आत घाट उतरू."

"या गाडीनं नाई जाचं," मिस्त्री म्हणाले.

शेखर सामान टाकून आले. "काहून मामाजी? काल तं मस्त आली."

"झिरपून राहिली."

"थोडं झिरपते. पान्याच्या कॅना घेतो मी संग. एस.टी.नं नेलं तं हिले धक्के बसतीन, त्याचं काय?"

शेखरचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी म्हणजे उशी लावून पडून जाता येतं, वाटेल तिथे थांबता येतं. शेखरनी खिशातून गाडीची किल्ली काढली. रागिणीने मागचं दार उघडलं आणि आत बसण्यासाठी वाकली.

"रागिणी, बसू नको," मिस्त्री जोरात म्हणाले. तिने घाबरून दार सोडलं. "माहे बोटं गेले वं. फेस साफ झाला का नाई ते मले कळलंच नाई. मी अंदाजानं बसवलं हेड."

कोणाला काही समजलं नाही. मग त्यांनी साखरेचं, नसांचं, चपलेचं सगळं सांगितलं, खाली मान घालून. रागिणी त्यांच्याजवळ आली. तिने केसातली पिन काढली आणि वडिलांचा हात हातात घेतला.

"तिकडे पाहा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी झाडांकडे पाहिलं. तिने पिनेचं टोक बोटाच्या पेरावर दाबलं. मग आणखी दाबलं.

"लाव ना," मिस्त्री म्हणाले.

"लावली, बाबा."

त्यांनी वळून पाहिलं. पेरावर रक्ताचा ठिपका आला होता. रागिणीचा चेहरा पांढरा पडला. शेखर पटकन पुढे झाले, मला वाटतं ती पडेल की काय अशी त्यांना भीती वाटली.

"तुमी गाडी चालवता काय अजून?" तिने विचारलं. "ब्रेकवरचा पाय कळते काय?"

"नाई चालवत. उन्हाळ्यापासून. डोळ्याचं कारन सांगतो सगळ्याइले."

"अन् त्या गाडीत मले बसवाले आले होते तुमी? माह्या लेकराले?"

"म्हनून तं मी आलो त्याच गाडीनं. म्हटलं, चढताना समजन."

"अन् नसतं समजलं तं?"

शाळेकडून पोरांच्या पाढ्यांचा आवाज येत होता. रागिणी पोटावर हात ठेवून ओट्यावर बसली. मग तिने शेखरना विचारलं, "धारणीवरून परतवाड्याले जानारी एस.टी. कधी येते?"

शेखर आम्हाला फाट्यावर सोडायला आले. गाडीने ते रात्रीच परतले असते; एस.टी.ने आले असते तर दुसऱ्या दिवशीची शाळा बुडाली असती. ते सासऱ्यांशी बोलले नाहीत. फक्त रागिणी बसमध्ये चढताना म्हणाले, "पोचल्यावर फोन करजा."

कंडक्टरने तिला पुढची, चाकापासून दूरची सीट दिली. ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "हळू घे रे बापा! दोघं आहेत अन् तिकीट एकच फाडलं म्या."

रागिणी हसली नाही. मिस्त्री तिच्या शेजारी, मी मागे. सेमाडोहपासून चढ लागला. रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला रागिणी डोळे मिटून ओठ दाबायची आणि मिस्त्री तिच्याकडे पाहायचे. एकदा ती "आई गं" म्हणाली तेव्हा ते अर्धे उठले. मीही पुढे वाकलो. गाडी नको म्हणून हिला एस.टी.त बसवलं, आणि इथेच काही झालं तर? या रानात आम्ही दोन म्हातारे काय करणार होतो? मिस्त्रींनी समोरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. घटांगच्या पुढे उतार लागला तेव्हा मला दिसलं, की दांड्याचा एक पत्रा फाटला होता आणि त्यांचा तळहात त्यावर घासून सोलवटला होता. मी मागून त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि रागिणीला दिसू नये म्हणून तो खिशात घातला.

तिला मात्र दिसला होता. तिने पर्समधून रुमाल काढला, वडिलांचा हात खिशातून ओढला आणि बांधला. परतवाडा येईपर्यंत तो हात तिने आपल्या मांडीवर तसाच धरून ठेवला.

अकोल्याला पोचलो तेव्हा मैनाबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या.

"गाडी कुठी आहे?"

रागिणीने तिथेच उभं राहून आईला सगळं सांगितलं. मैनाबाईंनी ओवाळणं पुरं केलं, तुकडा टाकला, लेकीला आत नेऊन बसवलं. मग बाहेर आल्या.

"मले सांगाले काय झालं होतं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माहे बोटं काय लाकडाचे आहेत? जलमभर गवारीच्या शेंगा मोडल्या म्या."

काही दिवसांनी शेखरनी गाडी ट्रकवर लादून आणली. मिस्त्रींनी हेड त्यांच्यासमोरच उतरवलं. मागच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या भोकाजवळ, नव्या गॅस्केटमध्ये जुन्या गॅस्केटचा एक काळा कण रुतून बसला होता. तीळ असतो तेवढा. पट्टी उचलल्यावर शेवटच्या फडक्यातून पडला असावा. कोणाच्याही बोटाला लागला असता.

"हे घाटात फुटलं असतं काय?" मी विचारलं.

"सांगता येत नाई," मिस्त्री म्हणाले. शेखरनी तो कण नखाने उचलून पाहिला आणि बराच वेळ हातात ठेवला. मग ते सासऱ्यांजवळ खाली बसले आणि फेसवरची जुनी गॅस्केट सोडवायला लागले.

शेवटचा हात मैनाबाईंनी फिरवला. त्यांनी साबणाने हात धुतले, पदर खोचला आणि डोळे मिटले.

"इथं खरखर आहे."

"कुठी?"

"इथं. भोकाच्या अलीकडे."

मिस्त्रींनी पात चालवली. "आता?"

"अजून आहे."

"आता?"

"आता नाई. इकडे काहीतरी मऊ लागलं."

ते मऊ म्हणजे रुई होती. असं ऊन कलेपर्यंत चाललं. शेखर त्या दिवशी पुन्हा एकदा त्यांना मामाजी म्हणाले.

बातमी पसरायची ती पसरली. काही लोकांनी गाड्या परत नेल्या. धर्मपालने विचारलं, "वहिनीचा हात लागनार आहे काय? मंग ठेवतो." मिस्त्री आता कोणाला काही लपवत नाहीत. मैनाबाई रोज संध्याकाळी त्यांचे तळपाय उजेडात धरून पाहतात, कुठे काटा, काच, जखम आहे का. मिस्त्री तेवढा वेळ आढ्याकडे पाहत बसतात. भीती कमी झाली आहे असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे, गेलेलं परत येत नाही, पुढचं वाचवा.

रागिणीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी मीही गेलो होतो. सगळ्यांनी बाळाला घेतलं, माझ्याही हातात दिलं. मिस्त्री चौकटीला टेकून उभे होते.

"बाबा, घ्या ना," रागिणी म्हणाली.

"नको. राहू दे."

"काहून?"

"किती दाबून धरलं ते मले कळनार नाई. हळू धरलं तं पडन."

मैनाबाई म्हणाल्या, "कोपरापावतर तं जित्ते आहेत ना हात? बसा खाली."

ते भिंतीला पाठ लावून बसले. मैनाबाईंनी त्यांचे दोन्ही हात एकमेकांवर ठेवले, मुठी बाहेरच्या बाजूला वळवल्या, आणि रागिणीने बाळ त्यांच्या कोपरांच्या आतल्या बाजूला ठेवलं. मिस्त्रींनी श्वास रोखला होता. बाळाने एक पाय झाडला. त्यांनी हात तसूभर हलवला नाही.

"वामनभाऊ," ते बाळावरची नजर न काढता म्हणाले, "पाहा बरं, मी दाबून तं नाई राहिलो?"

मी वाकून पाहिलं. दाबत नव्हते. तसं सांगितलं तरी थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.